अंतोनी संत आन दिवाळ्याच्या निवट्या

साठ साल उजाडलं, आमच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात नळ आला नाय, दिवा आला नाय, डाक्टर आला नाय... आन आला कोन, तर अंतोनी संत! तुमाला सांगते, ती मिशनची सिस्टर खाडीपल्याडनं मचव्यानं येते, पोरांच्या खरजेला मलम लावते, तवर ठीक हाय. पन मलम लावताना तोंड गप ठेवावं का नको? पोरांना गोष्ट सांगितलीन, कुठल्याशा शहरात मानसं ऐकेनात, म्हनून संत गेला पान्यावर आन माशांनाच उपदेश केला. "लहान मासे पुढे, मोठे मागे, सगळ्यांनी डोकी वर काढून ऐकलं हं, बाळांनो!"

आता डोकं वर काढलेला मासा म्हटलं की कोळ्याच्या पोराला काय आठवंल? निवटी! ती मेली जन्मापासून चिखलात डोकं वर, डोळे बटबटीत करून बसलेली असते. तिला कोन संत लागतो?

नेमके त्याच आठवड्यात आमच्या शांतीला बघायला पाहुने यायचे. भांगाचे दिवस, भरतीला जोर नाय, जाळ्यात शेपूट नाय. माझ्या कान्हाला आन जावेच्या पोरीला, पुतळाला, धाडलं चिखलात, म्हटलं निवट्या धरून आना. आली दोघं रिकामी टोपली घेऊन! कान्हा म्हनतो, "आये, त्या ऐकत व्हत्या. ऐकनाऱ्याला धरायचं कसं?" काय ऐकत व्हत्या? तर पुतळानं त्यांना बेचा पाढा म्हनून दाखवला म्हने! संताला हात जोडते, पन कालवन कशाचं करू?

केलं वांग्याचं. कोळ्याच्या घरात, सोयरिकीच्या पंगतीला, वांगं! पोराचा बाप, न्हावा गावचा गोवर्धन, त्यानं फोडी ताटाच्या कडंला सारल्या, हात धुतला. "वैनी, पोरगी चांगली हाय. रविवारी परत येतो. निवट्यांचं कालवन असंल तर पुढचं बोलू." शांती चुलीमागं रडत बसली.

उधान लागलं, होड्या गेल्या, तशी शुक्रवारी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गेले सिस्टरशी भांडायला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हनते, "बरं झालं आलात गोजराबाई, आज शुक्रवार, आम्हाला मटण चालत नाही. दोन बोय द्या, मोठ्या बघून." म्हटलं, आन तो उपदेश? हसली. "उपदेश वेगळा, जेवण वेगळं." दिल्या बोय... काय करता? संताला हात जोडते, पन माझं कालवन?

रविवारी पदर खोचून मीच उतरले, गुडघाभर चिखलात. एक निवटी वर आली. मागं दुसरी. लहान पुढं, मोठ्या मागं... सगळ्या माझ्या तोंडाकडं टक लावून! उभा जन्म निवट्या चिरन्यात गेला माझा, पन हात पुढं जाईना हो. एवढ्या ऐकायला बसल्यावर गप कसं राहावं? बोलले. सिस्टरचं बोलले, गोवर्धनाचं बोलले, शांतीच्या बापाला तर पार सोलून काढला. सगळं ऐकून घेतलं मेल्यांनी... घरात कोन ऐकतं एवढं?

पाहुने पडवीत येऊन बसलेत. संताला हात जोडलेत. चुलीवर वांगं हाय.