अभिप्रायार्थ सादर

— नाही नाही, छान आहे असं मी कुठं म्हटलं? मी 'हं' म्हटलं. 'हं' म्हणजे कागद मिळाला, एवढंच. आमू, पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी काढली मी. 'अभिप्रायार्थ सादर' असा शेरा मारून फाइल टेबलावर आली की नुसती सही करून पुढं ढकलायची सोय नव्हती — समासात काहीतरी लिहायचंच, नाहीतर साहेब म्हणायचे, बाबुरावांनी उघडलीच नाही. तूच म्हणालीस ना, बाबा, माझी वेबसाइट बघा आणि खरं काय ते सांगा? मग आता लॅपटॉप ओढून घेऊ नकोस. चहा घे. नाशिकच्या स्टुडिओच्या नोकरीला नकार कळवायचाय म्हणतेस, तर संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय त्यांनी, आत्ताशी सकाळ आहे. हो, कळलं मला, बाणेरची कंपनी मोठी आहे. मुलाखत झाल्यापासून रोज सकाळी पुण्यातनं कोणीतरी तुझी साइट उघडतं, तेच लोक असणार, म्हणून नाशिक नको — कळलं. आईचं शेजारी सांगूनही झालंय. ते राहू दे बाजूला, आधी अभिप्राय.

तर पहिलं म्हणजे तो गोल. उघडल्यावर एक गोल फिरतो, फिरतो, फिरतच राहतो — मला वाटलं हीच तुझी कलाकृती, म्हटलं बरी आहे, साधी आहे. मग काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत 'हॅलो', एवढा मोठा की खालच्या मजल्यावरच्यांनी ओ द्यावी. आणि त्याच्याखाली तू कोण, काय करतेस, हे सगळं एवढंसं, काळ्यावर करड्या रंगात. नमस्कार मोठा आणि काम बारीक, हे पुढाऱ्यांचं लक्षण, आमू, तुला कुठं निवडणूक लढवायचीय? आणि त्या माउसच्या बाणाला शेपूट कशाला लावलंस? मी हात हलवला की ते मागं मागं येतं. गोड आहे, नाही म्हणत नाही, मांजर म्हणून ठेवायला हरकत नाही. पण मला तुझा फोन नंबर हवा होता, आणि तो शोधता शोधता मी थकलो — आधी त्या तीन रेषा दाबा, मग पडदा सरकेल, मग खाली जा. माझ्याकडं तुझा नंबर आहे म्हणून बरं. काम देणाऱ्यानं काय करायचं?

मग कामं. पहिलं काम बँकेचं ॲप. कुठली बँक? बँक नाही. दुसरं जेवण घरपोच देणारं, आणि हॉटेल नाही. तिसरं ध्यान करायचं — आता ध्यानाला बसणाऱ्यानं फोन बंद ठेवावा असं माझं मत, पण ते असो. रंग चांगले आहेत. ते बँकेचं चित्र काल डावीकडं होतं ते मध्ये घेतलंस ते बरं केलंस, आणि परवाची ती सावली पण काढलीस —

काय? मला कसं माहीत म्हणजे? तुझ्या आईनं सांगितलं असेल. नाहीतर तूच बोलली असशील जेवताना. असं बारीक डोळ्यांनी बघू नकोस, मुद्दा चुकतो माझा. मुद्दा असा की ही सगळी न झालेली कामं आहेत. बँक नाही म्हणजे बँकेचा मॅनेजर नाही, म्हणजे 'हे नको, ते करा' म्हणणारं कोणी नाही. भांडायला माणूसच नाही, तर तू त्याला पटवलंस कसं, हे दिसणार कुठनं? आणि भांडायला तर तू पटाईत आहेस. जयसिंगकाका आठवतायत ना? जयंतीच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो नाही म्हणून आठ दिवस तोंड फिरवून बसले होते. मंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांचंच तोंड नाही. सगळ्या पुण्यात फ्लेक्स म्हणजे वर एक मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं मांडलेली. आणि तू काय केलंस? निळा रंग, एक उघडं पुस्तक, आणि त्याच्यावर वस्तीतल्या दहावी पास झालेल्या पोरापोरींची नावं. बास. काकांना म्हणालीस, काका, तुमचा फोटो लोक एकदा बघतील, पण पोरीचं नाव वाचायला अख्खं घर येईल. आणि आलंच की. वेणूबाईंना वाचता येत नाही, त्यांनी नातीला पुढं केलं, म्हणाल्या, दाखव तुझं कुठंय. नातीनं, कादंबरीनं, दाखवलं तर त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या बाई, ऊन चढलं तरी हलेनात. आणि आता दर मार्चमध्ये जयसिंगच फोन करतात, यंदा नावं किती आहेत, मोठा फ्लेक्स लागेल का म्हणून. ते खरं काम, आमू. ते साइटवर नाही.

का नाही? 'टोनमध्ये बसत नाही' म्हणालीस आईला. बरं. आणि वर नाव लिहिलंयस 'आम्रपाली बी.' — शाळेतली तुकडी वाटते, आम्रपाली, तुकडी ब. बी म्हणजे बाबुराव ना? म्हणजे मी एका अक्षरात मावलो, तेही टिंब देऊन. आणि आडनाव गायब. मला माहितीय का ते. मी पण या शहरात भाड्याच्या खोल्या शोधल्यात, आडनाव आधी विचारायचे आणि भाडं नंतर. तुला त्या दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचायचंय, मधे कोणी अडवायला नको, हे समजतं मला. आडनावावर माझा अभिप्राय नाही, ते तुझं तू ठरव. पण फ्लेक्स नाही दिसला तेव्हा वाईट वाटलं. रोज वाटायचं. म्हटलं आज लावला असेल, आज तरी लावला असेल —

हो. रोज.

सकाळी फिरून झालं की बागेतल्या बाकावर बसतो, तिथं बघतो. सगळी पानं बघतो, सगळ्यात खाली जातो, फ्लेक्स नाही म्हटल्यावर पुन्हा वरनं बघतो, माझ्याच नजरेतनं सुटला असेल म्हणून. तू आईला सांगत होतीस ना, कोणीतरी रोज येतं आणि पार शेवटपर्यंत वाचतं, फार बारकाईनं बघतायत कंपनीवाले — मी आत पेपर वाचत होतो, पेपर खाली करायची हिंमत झाली नाही. इतकी खूश होतीस. अगं, एवढं शेवटपर्यंत कंपनी कशाला जाईल? बाप जातो.

चिडलीस तर चीड. पण नाशिकला नकार देऊ नकोस माझ्या भरवशावर. नाशिकच्या त्या पूर्वा मॅडम फोनवर काय म्हणाल्या होत्या? हे सगळं ठीक आहे, पण खऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेलं काही आहे का? आणि तू नाही म्हणालीस. मी इथंच होतो, लसूण सोलत. तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं की आहे, आहे. नाही ओरडलो. मनात म्हटलं, नाही म्हणतेय तर नाही म्हणू दे, घरीच राहील. तेवढा स्वार्थ आहे माझ्यात, कळू दे तुलाही.

बरं झालं, झाला अभिप्राय. आता तो फ्लेक्स शोध, वर लाव, हॅलोच्याही वर, आणि मॅडमना कळव की येतेय. नाशिकला गेल्यावरही रोज सकाळी पुण्यातनं कोणीतरी साइट उघडेल, खालपर्यंत जाईल — त्याला कंपनी समजू नकोस, आणि शेपटाचं काय ते बघ. ऊठ. नाक पूस आणि ऊठ, चहा गार झाला तुझा, तो इकडं दे.