पिमेंटेल अजून आहे

—नाही हो, हरण्याचं कोण घेऊन बसलंय? यंदा हरायचंच आहे! बसा, बसा, तिथे कुणी येत नाही. बघा की, अख्ख्या स्टँडमध्ये तुम्ही, मी आणि तो शेंगदाणेवाला. या हेरन्स संघाची बेसबॉल मॅच बघायला डोकं फिरलेलं लागतं — आमचं फिरलेलंच आहे. पण मी सांगतो, मालकांनी केलं ते बरोबर केलं. म्हातारे, महागडे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकायचे, बदल्यात त्यांची कोवळी पोरं घ्यायची. चार वर्षं मार खायचा, मग बघा! तो चेंडू टाकणारा पिचर बघा — मिसरूड फुटलेलं नाही, पण हात काय आहे! — अरे अरे, गेला थेट मागच्या जाळीला. हसू नका. शिकेल.

फक्त तिसऱ्या बेसवरच्या पिमेंटेलला ठेवायला हवं. ठेवलाय की — अजून तरी. खेळाडू बदलायची मुदत आज संध्याकाळी संपते. तेवढी टळली की सुटलो. नाही, माझा जीवबिव जडलाय असं नाही काही. पोरांना सांभाळायला एखादा जाणता नको? माझा मुलगाही तेच म्हणतो. ग्रेडी. पोर्टलंडला असतो, दर रविवारी फोन करतो. म्हणजे — मी करतो, तो उचलतो. 'पिमेंटेल काय म्हणतोय?' असं विचारतो, की मी सुरू! किती मारले, गुडघा कसा आहे, अंपायरने कशी माती खाल्ली — अर्धा तास कसा जातो कळत नाही. बाकीचे जुने खेळाडू गेले तसं त्याने बघणंच सोडलं. एकदा या नव्या पोरांचं सांगायला गेलो, तर म्हणाला, 'डॅड, कोण आहेत हे लोक?' मग तिकडची हवा कशी आहे विचारलं आणि ठेवला फोन. त्याची आई होती तेव्हा आमच्या दोघांच्या वाटचं तीच बोलायची. दुसरं काय बोलायचं हो मुलाशी? तुम्ही काय बोलता? — जाऊ दे. मस्टर्ड घ्या, सॉसेज कोरडं असतं इथलं.

आणि कुणाला दुसऱ्या संघाला दिलं, हे जाहीर वगैरे काही करत नाहीत, बरं का. मॅच चालू असतानाच त्याला बाहेर घेतात, आणि खाली खेळाडू बसतात ना, तिथे एकेक जण उठून मिठी मारायला लागतो. मिठ्या दिसल्या की समजायचं — गेला. मागल्या वर्षी आमच्या कॅचरला अशाच मिठ्या मारत होते, मला वाटलं वाढदिवस आहे त्याचा! टाळ्या वाजवल्या मी, उभं राहून.

चला, आपली बॅटिंग. आता पिमेंटेलच — हा कोण? हा तर नवा पोरगा. गुडघा दुखत असेल त्याचा, उन्हात दुखतो. तुमची नजर चांगली असेल, खाली बघा जरा. कोच बोलतोय? बोलेल की, कोच आहे. हात मिळवला? हात काय, रोजच मिळवतात —

तो पिचर पोरगा रडतोय का?

हां. दिसलं मला. दिसतंय हो, सांगू नका.

चांगलं झालं. नाही, खरंच चांगलं झालं, दोन तरी पोरं मिळतील बदल्यात, चार वर्षांनी... आज शनिवार ना? मग उद्या फोन करून मी काय — भीती वाटते हो मला. पोटच्या पोराला फोन करायची भीती.

तुम्ही निघा आता. नाही, मी बसतो. निघा म्हटलं ना.