अकरा पत्रांची पोच

वणीत झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या काकांनी काउंटरवर, दुकानातल्या अब्रारसमोर, लॅपटॉप उघडून ठेवला होता.

"अब्रार, तूच सांगतलं होतं ना, पत्र टाइप झालं की तिथंच मेलचं बटण दाबा म्हणून?"

"सांगतलं होतं काका. पण त्या बटणाले आधी सांगा लागते, कोणता मेल उघडायचा ते. सेटिंग बाकी आहे, लॅपटॉप घेऊन या म्हणून मी दोनदा फोन केला तुम्हाले."

"बटण होतं तिथं. मले वाटलं, चालत असन."

"तुमचा मेल आहे मोबाइलात. इथं उघडते दुसराच प्रोग्राम, अन् त्यात तुमचं खातंच नाही."

"खातं विचारे तो दर वेळेस. मी 'नंतर' दाबून देत होतो."

"अकरा वेळा?"

"पत्रं अकराच आहेत ना."

"हे पाहा. शेताकडच्या पांदणीच्या पुलाच्या तक्रारीची अकराही पत्रं इथंच पडून आहेत. एकही गेलं नाही."

"कायले मजाक करून राह्यला?"

"मजाक कायले करू? जुलैपासूनच्या तारखा आहेत, तुम्हीच वाचा. थांबा, आता सेटिंग करून देतो, मग इथूनच जातीन."

"राहू दे."

"काहून?"

"दर पत्रानंतर मी पुलाच्या ऑफिसातल्या साहेबाले फोन लावतो. दर वेळेस म्हणते, तुमचं पत्र मिळालं, वर पाठवलं. सातव्या पत्राच्या वेळेस तर म्हणे, पुंडलिकराव, भाषा जरा कडक आहे तुमची."