रिकाम्या पाण्यावरचे चारशे दहा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, पुढच्या खुर्च्यांवरचे कायम कर्मचारी आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे हंगामी भाऊबंद, सर्वांना या म्हाताऱ्याचा नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही, चहासुद्धा अर्धा टाकून आलो. आज जिला निरोप द्यायचा, ती आमची दुर्बीणबाई. तिच्याबरोबर मी नऊ हिवाळे पाणथळीवरचे पक्षी मोजले. चार महिने काम, मग घरी. पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही, ते बोलावणाऱ्यालाच ठाऊक. मी शाळा चौथीत सोडली, ही शिकलेली. पण पहिल्याच दिवशी गुडघाभर गाळात रुतली तेव्हा ओरडली काय, "काका, आधी बूट वाचवा, ते ऑफिसचे आहेत!"

आमच्या कामाची रीत पाहुण्यांना सांगतो. एकच थवा दोघांनी मोजायचा. चार पावलांवर बसायचं, बोलायचं नाही, दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. दहा पक्ष्यांना हातातल्या यंत्राचं बटण एकदा दाबायचं. टक्. मग आपापल्या रकान्यात आकडा लिहून खाली दोघांनी सह्या करायच्या. गेल्या वर्षी आमचे आकडे इतके जुळले, की साहेबांनी याच हॉलमध्ये आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

साहेब, ते न जुळून सांगतात कोणाला? गेली दोन वर्षं मला थवा दिसतच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर नुसता राखाडी डाग. मी तिचं टक् ऐकायचो आणि माझं बटण दाबायचो. संशय नको म्हणून एखादं टक् पदरचं घालायचो.

हसू नका, पुढचं ऐका. यंदा शेवटच्या दिवशी ती पलीकडच्या पाण्याकडे तोंड करून बसली. चाळीस वेळा टक् केलं. म्हणाली, "काका, किती?" मी ऐटीत सांगितलं, "चारशे दहा." तिने यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, पक्षी अजून आलेच नाहीत हो."

काय, साहेब? वेळ संपली? संपू द्या. आज बसलो तर पुन्हा उठायचं धैर्य होणार नाही.

ती एवढंच म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. मी चुगली करणार नाही, पण सहीही करणार नाही." आंधळ्या माणसाला पुढच्या हंगामात कोण बोलावणार, म्हणून मी तीन आठवडे तोंड शिवून बसलो. तुम्ही मात्र तिला कामचुकार ठरवलंत, सही नाही म्हणून तिचा अनुभवाचा दाखला अडवलात. सोमवारी तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय, दाखल्याशिवाय तिथे उभंही करणार नाहीत. तरी या पोरीच्या तोंडून माझं नाव निघालं नाही.

अगं, रडतेस काय? बस खाली. मला बोलू दे.

साहेब, दोन वर्षांतला माझा रकाना बाद करा, तसं मी लेखी दिलंय, हा घ्या कागद. तिचे आकडे खरे आहेत. दाखला आत्ता, या सगळ्यांसमोर तिच्या हातात द्या. माझ्या बोलावण्याचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मोजण्यात झालं, ते मात्र घालू नका.