चाकाखालची लिंबं

तुमसरला टायरच्या दुकानात माझ्या स्कूटरचं पंक्चर काढणं चाललं होतं. बाजूच्या बाकावर दोघं साडू बसले होते. धाकट्याची लाल स्पोर्ट्स कार जॅकवर चढवलेली होती.

"बोला भाऊजी, कोणते टाकू? हे रुंद की ते जाड?"

"मले कायले विचारतं? माह्या पिकअपले यातलं काहीच बसत नाही."

"तुमाले टायरचं समजते, म्हणून विचारलं."

"मंग जाड घे. बपेऱ्याच्या रोडनं जातं ना तू? पहिल्याच गड्ड्यात फुटतीन हे रुंद."

"जाड टायर आतून मडगार्डले घासते म्हणे."

"मंग कायले घेतली अशी गाडी? दोन माणसं बसते फक्त. सासऱ्याले दाखवाले घेतली का? दिवाळीले बुढा तुह्या गाडीजवळून हटत नव्हता. माही पिकअप चिखल्याच्या खाणीवरून आली, तं म्हणे बाहेर लाव, धूर येते."

"रुंदच टाकतो मंग."

"टाक ना. तुले कोण अडवून राहिलं?"

तासाभरानं दुकानदार हात पुसत आला.

"साहेब, बसले टायर. नजरेचे लिंबं आणले म्हणत होते ना? द्या, चाकाखाली ठेवतो."

"थांबा थोडं."

"काहून? मागं ट्रॅक्टर उभा आहे."

धाकट्यानं आवाज खाली आणला.

"भाऊजी घरी गेले की ठेवा. बायकोनं तसंच सांगून पाठवलं."

"चहा सांग रे," मोठा साडू बाकावर मांडी घालत म्हणाला. "मले काही घाई नाही."