शुक्रवारपर्यंत

(सुरत, डिंडोली. ऑक्टोबर १९९४, प्लेगच्या साथीनंतरचा महिना. दुपार. मालतीबाईंच्या खोलीत शाळेच्या विज्ञान शिक्षिका उषाताई आल्या आहेत. मालतीबाईंचा दीर हिलाल दारात बसला आहे.)

मालतीबाई : …म्हणून सांगते, बिनघोर हातात घ्या ही तुमची काच, बाई. वीस मिनिटं उकळली मी.

उषाताई : उकळली?

मालतीबाई : मी गावाहून आले तर म्युनिसिपालटीची माणसं सांगून गेली. आजाऱ्याचं जळेल ते जाळा, जळणार नाही ते उकळा. गादी जाळली, कपडे जाळले. ही तर काच.

उषाताई : बरोबरच केलंत.

मालतीबाई : पण आत पांढरं झालं. किती पुसलं, जात नाही.

उषाताई : ते पुसून जाणार नाही. दिसायला एक काच आहे, पण दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. उकळत्या पाण्यात तो डिंक सुटतो.

मालतीबाई : मग खराबच केली मी.

उषाताई : तुम्हाला कसं कळणार? राहू द्या.

हिलाल : राहू कशाला द्यायची? वस्तू घ्यायला आल्या ना, म्याडम? घ्या आणि जा. महिना झाला मन्हा भाऊ जाऊन. माणसासाठी कोणी नाही आलं. भिंगासाठी बराबर आल्या.

मालतीबाई : भाऊजी, काय बोली ऱ्हायनात तुम्ही? पाहुण्या शेतस त्या.

हिलाल : मी खोटं बोली ऱ्हायनू का?

उषाताई : त्यांना बोलू द्या, मालतीबाई.

मालतीबाई : बाई, एक विचारू? आमचे हे ह्या भिंगाच्या डबीला पोरांचा हात लागू देत नव्हते. भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून आत ठेवायचे.

उषाताई : मीच सांगितलं होतं. सुरतेच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. तांदूळ ओल ओढून घेतात.

मालतीबाई : फुंकर मारू नको, लुगड्यानं पुसू नको. आमच्या पोरीला, गायत्रीला, एकदा मारलं ह्यावरून. ते गेल्यावर मी डोळ्याला लावून पाहिली. ती समोरची चाळ केवढीशी दिसली. म्हटलं, ह्याच्यासाठी एवढं? हिच्यात तर सगळं लहान दिसतं.

उषाताई : एकटी डोळ्याला लावली तर लहानच दिसतं. दुर्बिणीत मधे बसवली की मोठं होतं, दुप्पट. बार्लो म्हणतात हिला. इथे मिळत नाही. माझ्या भावाने बाहेरून पाठवली होती.

हिलाल : दुर्बीण त्याने स्वतः केली होती, म्याडम. बमरोलीच्या कापड कारखान्यात बारा तास लूम सांभाळायचा आणि घरी येऊन दुर्बिणीच्या आरशाची काच घासायचा. सहा महिने घासली. आम्ही हसायचो. आरसाच घ्यायचा तर बाजारात मिळतो ना, म्हणायचो.

उषाताई : आरसा फार चांगला झाला होता. माझ्या विद्यार्थ्यांना जमला नसता तसा. म्हणून मी लेन्स दिली त्यांना, आठ दिवसांसाठी. शनीची कडी पुढच्या वर्षी दिसेनाशी होणार आहे, ती आताच नीट पाहायची होती त्यांना.

हिलाल : कडी दिसेनाशी होणार! आणि भाऊ?

मालतीबाई : भाऊजी.

हिलाल : नाही, आज बोलूनच टाकू. म्याडम शिकलेल्या आहेत, त्यांनीच सांगावं. नवरा तापाने पडलेला, आणि बायको पोरं घेऊन गाडीत बसते. मन्हा भाऊ एकला मरना. दवाखान्यात कोणी पाणी द्यायला नाही. अग्नी कोणी दिला तेही माहीत नाही. असं करतं का कोणी?

मालतीबाई : ताप नव्हता! किती वेळा सांगू? गुरुवारी उधन्याच्या स्टेशनावर आम्हाला गाडीत यायनीच, तुमच्या भावानेच, बसवलं. खिडकीतून लोटलं पोरांना. खांद्यावर पेटी होती. तापाचा माणूस पेटी उचलतो का?

हिलाल : हे तू सांगतेस. पाहिलं कोणी?

मालतीबाई : तुम्ही कुठे होते पाहायला? तुम्ही तर सकाळच्याच गाडीने गेलते, सासरवाडीची माणसं घेऊन. भावाच्या दारावर थाप तरी मारली का?

हिलाल : …माझं वेगळं. मी भाऊ आहे. तू बायको होतीस.

मालतीबाई : ऐकलं ना, बाई? हेच गावभर. सासूबाईंनी दोन्ही पोरं ठेवून घेतली. म्हणतात, जिने नवरा टाकला ती पोरं काय सांभाळणार. ललित पाच वर्षांचा आहे. मी न्यायला गेले तर दार लावून घेतलं. आतून रडायचा आवाज येत होता.

उषाताई : वाल्मिकभाऊ तुमच्याबरोबर का नाही गेले, काही म्हणाले?

मालतीबाई : म्हणे, एक काम राहिलंय. उद्या करतो, परवा येतो. मी म्हटलं, कारखाना बंद, सेठ पळाला, कसलं काम? तर हसले. काय काम होतं ते मला ठाऊक असतं तर सासूबाईंना सांगितलं असतं ना.

उषाताई : मला ठाऊक आहे.

हिलाल : तुम्हाला?

उषाताई : मी लेन्स न्यायला आले नाही. वाल्मिकभाऊंच्या ह्या तीन चिठ्ठ्या द्यायला आले. साथीत मी नाशिकला गेले होते, परतले तेव्हा माझ्या दाराच्या फटीतून आत पडलेल्या होत्या.

मालतीबाई : कधी परतल्या तुम्ही?

उषाताई : बारा दिवस झाले.

मालतीबाई : बारा दिवस तुमच्याजवळ होत्या?

उषाताई : हो. रोज पर्समध्ये ठेवत होते. यायला धीर झाला नाही.

हिलाल : वाचा.

उषाताई : ‘शुक्रवार, संध्याकाळी सहा. बाईंना नमस्कार. लेन्स परत द्यायला आलो होतो. कुलूप आहे. उद्या येतो. मंडळींना काल गाडीत बसवलं. माझी तब्येत चांगली आहे, ताप वगैरे काही नाही. डबीला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले आहेत, तरी शंका धरू नये. वाल्मिक.’

मालतीबाई : …हो. साबण फोडला होता त्यायनी. मी गावाहून आले तेव्हा नवीन वडी उघडलेली दिसली.

उषाताई : ‘शनिवार. अजून कुलूप. शेजारीही कोणी नाही. दाराबाहेर ठेवली तर कोणी नेईल, म्हणून ठेवत नाही. काल ढग फाटले होते, शनी पाहिला. कडी लूमवरच्या ताण्याच्या एका धाग्याएवढी बारीक झाली आहे.’

हिलाल : आणि तिसरी?

उषाताई : तिसरी लहान आहे. ‘रविवार. अंग फार दुखतं. ताप आहे. उद्या जमणार नाही. परवा नक्की.’

मालतीबाई : सोमवारी शेजारच्यांनी दवाखान्याची गाडी बोलावली. मंगळवारी…

उषाताई : हो.

हिलाल : म्हणजे शुक्रवारी भाऊ चांगला होता. इथून तिथपर्यंत गेला आणि आला.

उषाताई : शनिवारीही चांगले होते. अक्षर बघा. पहिल्या दोन चिठ्ठ्यांचं अक्षर सारखं आहे. तिसऱ्या चिठ्ठीत ओळ खाली उतरली आहे. तुमच्या आई वाचत असतील तर त्यांनाही दिसेल.

हिलाल : आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन.

मालतीबाई : नुसतं वाचून नाही, भाऊजी. चार माणसांत. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं त्यांच्यासमोर.

हिलाल : …दाखवीन.

मालतीबाई : आणि पोरं?

हिलाल : सोमवारी घेऊन येतो. दोघांना.

उषाताई : हिलालभाऊ, लोक विचारतील की एका भिंगासाठी माणूस का थांबला. तेव्हा माझं नाव सांगा. शुक्रवारपर्यंत परत हवी, असं मी बजावलं होतं. मागे एकदा त्यांना दोन दिवस उशीर झाला होता, तेव्हा मी त्यांना मुलांसमोर बोलले होते. म्हटलं होतं, वेळेवर आली नाही तर पुन्हा मिळणार नाही.

हिलाल : एवढी कशाची घाई होती?

उषाताई : रविवारी शाळेत कार्यक्रम ठेवला होता. मुलांना शनी दाखवायचा होता.

हिलाल : झाला?

उषाताई : शाळा कुठे होती, हिलालभाऊ? गाव मोकळं झालं होतं.

हिलाल : मग निरोप तरी द्यायचा. कोणाकडून तरी. लेन्स ठेव, जा म्हणून.

उषाताई : सुचलं नाही. पाण्याची टाकी रिकामी केली, गॅस दोनदा बघितला, मांजर शेजाऱ्यांकडे दिलं. ते सगळं सुचलं.

मालतीबाई : बाई.

उषाताई : बोला.

मालतीबाई : तुम्ही कुलूप केव्हा लावलं?

उषाताई : गुरुवारी. दुपारी दोनच्या सुमारास.

मालतीबाई : आमची गाडी संध्याकाळची होती. तोवर हे घरीच होते.