आठवा हप्ता

(लातूरमधलं शिलाई मशीनचं दुकान, दुपारची वेळ. गल्ल्यावर मालक संगप्पा. शेजारी हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकवायला नांदेडहून आलेली उज्वला. खाली बसून मशीन खोलत असलेला जुना मिस्त्री नरसिंग.)

उज्वला : तिथं नाही काका. 'हप्ते' लिहिलंय ना, त्याच्यावर दाबा. हां. आता किती हप्ते, ते विचारून राहिलंय.

संगप्पा : सहा टाक.

उज्वला : मी नाही, तुम्ही टाकायचं. मी नांदेडला गेल्यावर कोण टाकणार?

संगप्पा : सहा.

उज्वला : आता पहिला हप्ता कितीचा अन् कोणत्या तारखेला, एवढंच सांगा. बाकीच्या ओळी ते आपोआप पाडतं. बघा, पडल्या! काकूंना मी एकदाच दाखवलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही त्यांनी.

संगप्पा : तिला जमायचं.

नरसिंग : मालक, उद्या टेम्पो लागंल मला.

संगप्पा : कुठं?

नरसिंग : भोकरला. एक मशीन माघारी आणायचंय.

संगप्पा : घे.

उज्वला : काका, जेवलात का?

संगप्पा : जेवलो असंन.

उज्वला : असंन म्हणजे काय हो?

नरसिंग : डबा हाय तसाच हाय, ताई. उमावैनीला जाऊन महिना व्हायलाय. तवापसून ह्यांचं असंच हाय. बस म्हणलं की बसतेत, ऊठ म्हणलं की उठतेत.

संगप्पा : मला काहीच व्हईना, नरसिंग. रडू येईना, भूक लागंना. लोकं भेटायला येतेत, मी हाव-हाव म्हणतो. अंग बधिर झाल्यावानी झालंय. पुढचं दाखव, पोरी.

उज्वला : बरं. ही यादी सगळ्या गिऱ्हाइकांची. लाल ओळ म्हणजे हप्ता थकला. तुमच्याकडं एकच लाल दिसून राहिली. दाबा तिच्यावर... अय्या.

संगप्पा : काय झालं?

उज्वला : गिऱ्हाइकाचं नाव उमादेवी संगप्पा. पिको-फॉलचं मशीन, अठरा हजार. बारा हप्ते, दर पाच तारखेला दीड हजार. सात भरलेत, आठवा थकलाय.

संगप्पा : चुकून पडलं असंल. दुकान तिचंच, ती कशाला बिल फाडंल?

उज्वला : चुकून सात हप्ते कोण भरतं, काका? सगळे रोख आहेत.

संगप्पा : घरात तर तिचं जुनंच मशीन हाय. मग नवं गेलं कुठं?

उज्वला : मोबाईल नंबर पण काकूंचा नाही वाटतं. शेवटी बेचाळीस...

संगप्पा : शिवकन्याचा हाय.

उज्वला : शिवकन्या कोण?

संगप्पा : पोरगी माझी.

उज्वला : तुम्हाला मुलगी आहे? काकू कधी बोलल्या नाहीत.

संगप्पा : मी बोलू देत नव्हतो. तीन वर्षांखाली धम्मदीपसंग लग्न केलं तिनं. भोकरला ऱ्हाती. मी म्हणलं, ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई. उमानं काढलं न्हाई.

नरसिंग : मशीन मीच पोचवलं, मालक. शिव्या द्यायच्या तर द्या. मी वैनीला म्हणलं, दुकान तुमचंच हाय, एक मशीन गेलं तर कुणाला कळतंय! त्या म्हणल्या, न सांगता नेलं तर ती चोरी व्हती, मी इकत घेते. गल्लीतल्या बायांच्या साड्यांना फॉल लावून हप्ता भरायच्या. पाच तारखेला स्वता हितं येऊन द्यायच्या, तुमच्या हातात.

संगप्पा : माझ्या हातात?

नरसिंग : हाव. तुम्ही मोजून घेत व्हता. कुणाचे म्हणून एकदा बी इचारलं न्हाई.

उज्वला : अन् नंबर मुलीचा का टाकला?

नरसिंग : हप्ता भरला की मेसेज जातो ना, ताई. पोरीला कळायचं, आई बरी हाय, हिंडून-फिरून हाय.

उज्वला : अरे देवा. काका, मग हे लई वाईट झालंय. हप्ता थकला की मेसेज आपोआप जातो. ह्या पाच तारखेपासून तीनदा गेलाय.

संगप्पा : वाच.

उज्वला : राहू द्या ना.

संगप्पा : वाच म्हणतो ना.

उज्वला : "उमादेवी, आपला हप्ता थकला आहे. त्वरित भरावा, अन्यथा मशीन परत घेण्यात येईल. संगप्पा शिलाई मशीन, लातूर."

संगप्पा : हे कुणी लिहिलं?

उज्वला : कुणीच नाही. ते आधीपासून भरलेलं असतं. मीच बघून घ्यायला पाहिजे होतं, माझी चूक झाली.

संगप्पा : खाली नाव माझं हाय.

नरसिंग : परवा फोन आल्ता तिचा. म्हणली, काका, अव्वाला मातीत ठेवून महिना न्हाई झाला अन् अप्पा मशीन मागायलेत. येऊन घेऊन जा म्हणली. कापडात बांधून दारात ठेवलंय तिनं.

संगप्पा : टेम्पो त्याच्यासाठी?

नरसिंग : हाव. दोन दिवस झाले, तुम्हाला सांगू का नको, असं चाललं व्हतं माझं.

संगप्पा : मातीच्या दिवशी आली व्हती ती. फाटकापाशी उभी व्हती. मी मान वर केली न्हाई. कुणी तिला पाणी दिलं का, ते बी ठाव न्हाई मला.

उज्वला : फोन लावा काका. आत्ता लावा.

संगप्पा : काय बोलू? तोंड उघडलं की तेच जुनं भांडण निघंल. मला माझा भरोसा न्हाई.

उज्वला : मग राहिलेले साडेसात हजार एकदम भरून टाका. "आपले खाते पूर्ण झाले" असा मेसेज जाईल तिला. तिच्या जिवाचा घोर मिटेल.

संगप्पा : अन् त्याच्यानंतर?

उज्वला : त्याच्यानंतर काही नाही. बिल संपलं की मेसेज बंद.

संगप्पा : मग नको. ती म्हणंल, बापानं पैसे फेकले अन् मोकळा झाला. राहू दे हप्ते हाय तसे. किती राहिलेत?

उज्वला : पाच.

संगप्पा : पाच महिने हायेत मग. बिल उमाच्याच नावावर राहू दे. भरणारा म्हणून माझं नाव टाकता येतं का?

उज्वला : येतं. हे बघा, इथं. अन् तो मशीन परत घ्यायचा मेसेज मी कायमचा काढला. नवा काय लिहू?

संगप्पा : लिही. अव्वाचा आठवा हप्ता अप्पानं भरला. नववा पाच तारखेला.

उज्वला : एवढंच?

संगप्पा : एवढंच जमतंय आज. नरसिंग, हे दीड हजार घे. मोजून घे.

नरसिंग : मालक, तुमच्याच गल्ल्यात तुम्ही...

संगप्पा : मोज. अन् कुणाचे म्हणून इचार.

नरसिंग : कुणाचे, मालक?

संगप्पा : उमाचे.

उज्वला : काका, मी दाबू का बटन?

संगप्पा : न्हाई. मीच दाबायचं म्हणलीस ना तू. हे हिरवं का?

उज्वला : हाव, हिरवं... गेला मेसेज.

नरसिंग : मग मालक, उद्याच्या टेम्पोचं काय करू?

संगप्पा : टेम्पो कशाला? यस्टीनं जा. तेलाची बाटली घे संगं. सात-आठ महिने झाले, मशीनला तेल लागत असंल.